निरी आधी, कापड नंतर
चुणीदार पडदे करून घेताना काय करावे, काय टाळावे

नऊवारीच्या निऱ्या नीट बसल्या नाहीत, तर लुगडे कितीही भारी असले तरी अंगावर सुटलेलेच दिसते. खिडकीच्या चुणीदार पडद्याचेही तसेच आहे. दुकानात याला प्लीटेड ब्लाइंड म्हणतात. एकच कापड, त्याला ठरावीक अंतरावर दिलेल्या कायमच्या आडव्या घड्या, वर एक पट्टी, खाली एक पट्टी आणि घड्यांतून ओवलेली दोरी, एवढाच त्याचा संसार. वर ओढला की कागदी पंख्यासारखा मिटतो, खाली सोडला की निरीनिरीने उलगडतो.

गेली बरीच वर्षे मी लोकांच्या घरी जाऊन खिडक्यांची मापे घेते. पडदा फसला म्हणून बोलावणे येते, तेव्हा कापड क्वचितच वाईट निघते. बहुतेक वेळा घडीचा हिशेब चुकलेला असतो, माप चुकलेले असते किंवा उन्हाची दिशा कोणी पाहिलेलीच नसते. कॅटलॉगमधला रंग मात्र पहिल्या पाच मिनिटांत ठरलेला असतो. हा क्रम उलटा व्हावा, म्हणून ही यादी.

१. उन्हाची दिशा

काय करावे

• प्रत्येक खिडकीची दिशा लिहून काढावी. पश्चिमेचे ऊन दुपारी तीननंतर तिरपे होते आणि छज्ज्याखालून थेट आत शिरते. सर्वांत जास्त विचार या खिडकीचा करावा.

• दक्षिणेच्या खिडकीचा हिशेब ऋतूंप्रमाणे मांडावा. मुंबई-पुण्यात मे महिन्याच्या मध्यात भर दुपारी सूर्य डोक्यावर असतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीला साधा छज्जाही पुरतो. डिसेंबरात तोच सूर्य दक्षिणेला कलून दुपारी जेमतेम ४७-४८ अंशांवर येतो आणि ऊन खोलीत लांबवर पसरते. थंडीतले हे ऊन हवेसे असते. म्हणून इथे वर अगदी थोड्या जागेत मिटणारा पडदा घ्यावा.

• पश्चिमेसाठी पांढऱ्या किंवा चंदेरी पाठीचे कापड निवडावे. काच सूर्यप्रकाश आत सोडते, पण तापलेल्या वस्तूंतून निघणारी उष्णता सहजी बाहेर जाऊ देत नाही. म्हणून आत आलेल्या प्रकाशाने वस्तू तापायच्या आधीच तो काचेतून परत पाठवला पाहिजे. ते काम पडद्याची पाठ करते.

• शक्य असेल तिथे बाहेरूनही आडोसा करावा. बांबूची चिक, वेल किंवा वाढवलेला छज्जा ऊन काचेवर पोचण्याआधीच अडवतो. आतल्या पडद्याचे ओझे त्याने निम्मे हलके होते.

काय टाळावे

• घरभर एकच कापड लावणे टाळावे. उत्तरेच्या अभ्यासाच्या खोलीला जे छान दिसते, ते पश्चिमेच्या बेडरूममध्ये मे महिन्यात असह्य होते.

• पश्चिमेला गडद पाठीचे कापड नको. ते ऊन पिऊन स्वतःच तापते आणि संध्याकाळपर्यंत खोलीत उष्णता सोडत राहते.

२. माप

सदाशिव पेठेतल्या एका जुन्या वाड्यातली खिडकी मला नेहमी आठवते. सागवानी चौकट, बाहेर गज, आत हातभर रुंद कट्टा. वर रुंदी भरली ११९२ मिलीमीटर, मधे ११८६, खाली ११९५. डोळ्यांना चौकट सरळच दिसत होती. वरचे माप धरून पडदा केला असता, तर मधे येऊन तो अडकला असता आणि रोजच्या ओढाताणीत निऱ्यांच्या कडा वर्षभरात झिजल्या असत्या.

काय करावे

• रुंदी वर, मधे आणि खाली अशी तीन ठिकाणी मोजावी. चौकटीच्या आत बसवायचा असेल तर सर्वांत लहान माप धरावे. उंचीही डावीकडे, मधे आणि उजवीकडे मोजावी.

• माप मिलीमीटरमध्ये आणि स्टीलच्या टेपनेच घ्यावे. शिवणकामाची टेप ताणली जाते.

• दोन्ही कर्ण मोजून खिडकी गुण्यात, म्हणजे काटकोनात, आहे का ते पाहावे. कर्णांत एक सेंटीमीटरहून जास्त फरक निघाला, तर चौकटीच्या आत बसवण्याचा हट्ट सोडावा. पडदा बाहेर, भिंतीवर घ्यावा.

• बाहेर बसवताना दोन्ही बाजूंना पाच ते सात सेंटीमीटर जास्त घ्यावे, म्हणजे कडेने उजेडाची फट राहत नाही.

• चौकटीची खोली मोजावी. २५ मिलीमीटरच्या निरीला मी निदान चार सेंटीमीटर सपाट जागा धरते. स्लायडिंग खिडकीची कडी, मच्छरजाळीचा ट्रॅक, आत उघडणारी झडप यांपैकी काही त्या जागेत येते का, हे झडप स्वतः उघडून पाहावे.

काय टाळावे

• कागदावर नुसता आकडा लिहून देणे टाळावे. हे चौकटीचे माप की पडद्याचे, हे शब्दांत लिहावे. कारखाना हालचालीसाठी काही मिलीमीटर वजा करतो. तुम्हीही केले असतील, तर दोनदा वजा होऊन पडदा आखूड येतो.

• एकाच सोसायटीतल्या शेजाऱ्यांचे माप वापरू नये. आराखडा एक असला तरी गिलावा प्रत्येक घरात वेगळा चढतो.

३. निरीचा हिशेब

या पडद्याचे सगळे मर्म इथे आहे. वर्तमानपत्राची लांब पट्टी घ्या, बोटभर रुंदीच्या उलटसुलट घड्या घाला आणि वरचे टोक धरून पट्टी लोंबती सोडा. वरच्या घड्या उघडतात, खालच्या मिटलेल्या राहतात. कारण सोपे आहे. सर्वांत वरची घडी खालच्या सगळ्या कागदाचे वजन पेलते, सर्वांत खालची घडी काहीच पेलत नाही. खिडकीतही हेच होते. वर्षभराने वरचा भाग सपाट झालेला आणि खाली निऱ्यांचा गुच्छ, असा पडदा दिसला की समजावे, हा हिशेब कोणी केलेला नाही.

काय करावे

• कापड सढळ धरावे. निरीची एक बाजू २५ मिलीमीटरची असेल आणि निरी ९० अंशांत उघडी राहिली, तर एका निरीने साधारण ३५ मिलीमीटर उंची झाकली जाते आणि तिला ५० मिलीमीटर कापड लागते. १२०० मिलीमीटर उंच खिडकीला म्हणजे ३४ निऱ्या आणि १७०० मिलीमीटर कापड हवे.

• उंच पडद्याला मागून अंतर राखणारा धागा मागावा. हा बारीक धागा प्रत्येक निरीला मागच्या बाजूने ठरावीक अंतरावर धरून ठेवतो. वजन धाग्यावर जाते आणि वरची निरी खालच्या निरीइतकीच उघडते. माझ्या मते दीड मीटरच्या वर उंची गेली की हा धागा असलाच पाहिजे.

• निरीची रुंदी खिडकीच्या आकारावरून ठरवावी. लहान खिडकीला २० मिलीमीटरची निरी नाजूक दिसते. मोठ्या खिडकीवर तीच किचकट वाटते, तिथे २५ किंवा त्याहून रुंद निरी शोभते.

• रुंद खिडकीला दोऱ्या वाढवाव्यात, नाहीतर दोन दोऱ्यांच्या मधे निऱ्या पोट सोडतात. अगदी रुंद खिडकीला एकाऐवजी दोन पडदे करावेत आणि त्यांची सांध खिडकीच्या उभ्या दांडीवर आणावी.

काय टाळावे

• कापड वाचवलेला पडदा घेऊ नये. त्याच १२०० मिलीमीटरच्या खिडकीत निरी १२० अंशांपर्यंत ताणली, तर २८ निऱ्यांत आणि १४०० मिलीमीटर कापडात भागते. पहिल्या दिवशी फरक कळतही नाही. पण ताणलेल्या निरीत मुळातच घडी कमी उरलेली असते, ती लवकर सपाट होते. भाव विचारताना निऱ्या किती, हेही विचारावे.

• मिटल्यावर पडदा दिसेनासाच होईल, ही अपेक्षा ठेवू नये. ३४ निऱ्या म्हणजे कापडाचे ६८ थर. पाव-पाऊण मिलीमीटरच्या थरांना घड्यांचा फुगवटा आणि दोन पट्ट्या मिळवल्या की वर काही सेंटीमीटर जागा जाणारच. तरी रुंद घड्यांनी वर जमा होणाऱ्या रोमन ब्लाइंडच्या जाड थप्पीपुढे ती फारच कमी असते.

४. कापड

काय करावे

• पॉलिएस्टर किंवा ज्यात त्याचेच प्रमाण जास्त आहे, असे कापड घ्यावे. उष्णतेने मऊ करून घडीत थंड केले, की हा धागा घडी लक्षात ठेवतो. शिवाय तो हवेतला ओलावा जेमतेम ०.४ टक्के घेतो, सूत मात्र सुमारे ८ टक्के. रत्नागिरी, वेंगुर्ले किंवा पणजीच्या जुलैमध्ये सुती निरी का टिकत नाही, ते या दोन आकड्यांत आहे.

• एसीच्या खोलीसाठी पोकळ कप्प्यांचा प्रकार पाहावा. यात कापडाचे दोन थर जोडून मधमाशीच्या पोळ्यासारख्या आडव्या नळ्या केलेल्या असतात. नळीत अडकलेली हवा उष्णता पलीकडे जाऊ देत नाही. हंटर डग्लस या कंपनीने १९८५ साली ‘ड्युएट’ या नावाने हा पडदा आणला आणि तिथून तो जगभर पसरला.

• हातभर नमुना घरी आणून त्याच खिडकीत टांगावा. सकाळी, दुपारी आणि रात्री दिवा लावून पाहावा. पिवळ्या किंवा हिरव्या कापडातून आलेला उजेड माणसांच्या चेहऱ्यावर आणि ताटातल्या अन्नावरही पडतो.

काय टाळावे

• स्वतःच्या खादीला किंवा जुन्या साडीला इस्त्रीने घड्या घालून असा पडदा शिवून घेणे टाळावे. आईच्या साडीची आठवण खिडकीत हवी असेल, तर तिचा सरळ झुळझुळीत पडदा करावा. त्यात साडीही शोभते आणि तिच्यावर घडीचा जुलूमही होत नाही.

• जाड, भरतकामाचे किंवा जरीचे कापड नको. घडीच्या कडेवर जर तुटते आणि मिटलेली थप्पी दुप्पट होते.

५. उजेड आणि आडोसा

काय करावे

• तळमजल्यावर किंवा समोरासमोरच्या इमारतींत वरून आणि खालून दोन्हीकडून सरकणारा पडदा घ्यावा. खालचा अर्धा भाग झाकून वरून आभाळ उघडे ठेवता येते. दिवसभर ट्यूबलाइट लावून बसणाऱ्या कितीतरी घरांना एवढ्या एका सोयीने उजेड मिळाला आहे.

• रात्रीची चाचणी करावी. आत दिवा लावून बाहेरून कोणाला तरी पाहायला सांगावे. दिवसा अपारदर्शक वाटणारे कापड रात्री सावल्या दाखवते.

• पूर्ण अंधार हवा असेल, तर कप्प्यांचा पडदा घ्यावा, कारण त्यात दोरी नळीच्या आत लपते. साध्या निरीच्या पडद्यात दोरीची भोके उघडी असतात आणि सकाळी त्यांतून भिंतीवर कवडशांची रांग उमटते. बैठकीच्या खोलीत ती गोड वाटते, रात्रपाळी करून आलेल्या माणसाला मात्र झोपू देत नाही.

काय टाळावे

• फक्त कापड काळोखी आहे म्हणून खोली काळोखी होईल, असे समजू नये. उजेड कडेच्या फटींतूनही येतो. तिथे दोन्ही बाजूंना पातळ पट्टी लावावी किंवा पडदा चौकटीबाहेर घ्यावा.

६. दोरी

हा भाग नुसता वाचून पुढे जाऊ नका, घरातल्या खिडक्यांकडे एकदा नजर टाका. लोंबत्या दोरीचा किंवा मण्यांच्या साखळीचा फास लहान मुलाच्या गळ्याला बसू शकतो, आणि तो आवाज न होता बसतो. अनेक देशांत अशी मुले दगावली आहेत, म्हणून तिथे नियम झाले. ऑस्ट्रेलियात जमिनीपासून १६०० मिलीमीटरच्या खाली दोरीचा २२० मिलीमीटर किंवा त्याहून मोठा फास होता कामा नये, असा नियम आहे. अमेरिकेतल्या मानकाने डिसेंबर २०१८ पासून दुकानात तयार मिळणाऱ्या पडद्यांच्या आणि जून २०२४ पासून मापाने बनवलेल्या पडद्यांच्याही मोकळ्या लोंबत्या दोऱ्या बंद केल्या.

काय करावे

• नवा पडदा बिनदोरीचाच मागावा. खालची पट्टी हाताने वर ढकलली की तो तिथे थांबतो. मूल नसलेल्या घरातही हाच घ्यावा, कारण सुट्टीत नातवंडे येतात, भाचरे येतात.

• जुनी दोरी असेल तर भिंतीवर उंच खुंटी ठोकून प्रत्येक वेळी ती गुंडाळावी. साखळीचा फास असेल तर तो भिंतीला घट्ट ताणून धरणारा क्लिप आजच बसवावा.

• उंच खिडकीला दांडी किंवा मोटरचा पर्याय पाहावा.

काय टाळावे

• पाळणा, पलंग, दिवाण किंवा अभ्यासाची खुर्ची दोरीच्या खिडकीखाली ठेवू नये. मूल त्यावर चढते आणि उंच बांधलेली दोरीही त्याच्या हाताला लागते.

• दोरीच्या टोकांना गाठ मारून ती एकत्र करू नये. त्यानेच फास तयार होतो.

७. बसवणी

काय करावे

• वरची पट्टी पाणपातळीने तपासून बसवावी. ती तीन-चार मिलीमीटर जरी कलली, तरी निऱ्या एका बाजूला सरकतात आणि मिटलेली थप्पी तिरपी दिसते.

• पंख्याखालच्या किंवा वाऱ्याच्या खिडकीत दोन्ही बाजूंना ताणलेल्या तारांचा प्रकार घ्यावा. तारांवर पडदा स्थिर राहतो, फडफडत नाही. तिरक्या छताच्या काचेलाही हाच चालतो.

• भाड्याच्या घरात झडपेला चिमट्याने धरणारा पडदा वापरावा. जर्मनीत याला ‘प्लिसे’ म्हणतात आणि तिथे तो घरोघरी दिसतो, कारण झडपेला भोक पाडावे लागत नाही. तिथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांना घर सोडताना भोके बुजवायची चिंता त्यामुळे उरत नाही.

काय टाळावे

• पॅकिंग उघडताच पडदा पूर्ण खाली सोडून ताणू नये. आधी पाच-सहा वेळा हळू वर-खाली करावा, म्हणजे निऱ्या आपापल्या जागी बसतात.

• रंगकाम बाकी असताना पडदा लावू नये. निरीच्या खाचेतला रंगाचा शिंतोडा निघत नाही.

८. निगा

काय करावे

• आठवड्यातून एकदा पडदा पूर्ण मिटून काही तास तसाच ठेवावा. निरी घडीत राहिली की तिला आपला आकार पुन्हा सापडतो.

• मऊ ब्रशने किंवा कमी ओढीच्या व्हॅक्यूमने निरीच्या दिशेने, डावीकडून उजवीकडे धूळ काढावी.

• पावसाळ्यात उघडीप मिळाली की पडदा पूर्ण खाली सोडून वारा लागू द्यावा. झड येऊन भिजला असेल, तर वाळेपर्यंत मिटू नये. ओल्या थप्पीत बुरशी धरते आणि तिचे काळे ठिपके जात नाहीत.

काय टाळावे

• वॉशिंग मशीन, गरम पाणी आणि इस्त्री या तिन्हींपासून पडदा दूर ठेवावा. पॉलिएस्टरची घडी ७०-८० अंशांच्या आसपास सैल पडू लागते. उष्णतेने बांधलेली घडी उष्णतेनेच सुटते.

• चंदेरी पाठ घासून पुसू नये. ती धातूची फार पातळ परत असते.

९. जिथे हा पडदा नकोच

• स्वयंपाकघरात ओट्यामागच्या खिडकीला नको. फोडणीची वाफ निरीच्या खाचेत चिकटते, तिच्यावर धूळ बसते आणि तो चिकट थर घासता येत नाही. तिथे पुसता येईल असा ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांचा पडदा बरा.

• देवघराशेजारी नको. निरांजन, समई किंवा उदबत्तीची ठिणगी पॉलिएस्टरला वितळवून भोक पाडते, आणि हवेने हललेला पडदा ज्योतीपर्यंत पोचू शकतो.

• न्हाणीघरात नको, निदान जिथे थेट पाणी उडते तिथे तरी नकोच.

• दिवसातून दहा वेळा ये-जा असलेल्या गॅलरीच्या दारालाही नको. तिथे बाजूला सरकणारा साधा पडदाच सोयीचा.

ऑर्डर देण्याआधी कागदावर सहा गोष्टी लिहिलेल्या असाव्यात. खिडकीची दिशा, चौकटीचे सर्वांत लहान माप, निऱ्यांची संख्या, मागचा धागा आहे की नाही, दोरी आहे की नाही आणि कापडाची पाठ कोणत्या रंगाची. पुढचा रंग सातवा. तो मनासारखा निवडावा, त्यात कोणाचे ऐकू नये.

आणि पडदा लावल्याला वर्ष झाले की टेप घेऊन खिडकीपाशी उभे राहावे. वरच्या पाच निऱ्यांची एकूण उंची मोजावी, मग खालच्या पाच निऱ्यांची. दोन्ही आकडे जवळपास सारखे भरले, तर पडदा करणाऱ्याला फोन करून तसे आवर्जून सांगावे. निरी धरणाऱ्या हाताचे कौतुक सहसा कोणी करत नाही.